राजगड, दिघी आणि माडीवरचा राउटर

फेब्रुवारी १६७०. कोंढाण्यावर रात्री लढाई झाली, तानाजी मालुसरे पडले, गड हाती आला. आता ही बातमी राजगडावर पोचवायची कशी? सरळ रेषेत अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पण मध्ये डोंगर, ओढे, गुंजवण्याचं खोरं आणि काळोख. घोडेस्वार कितीही तरबेज असला तरी त्याला वेळ लागणारच. सभासद बखर सांगते की गडावरच्या पागेच्या घरांना आग लावली आणि तो उजेड राजांनी राजगडावरून पाहिला. संपलं. निरोप पोचला.

आमच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर एक बिट. शून्य म्हणजे काळोख, एक म्हणजे जाळ. बँडविड्थ जवळजवळ नाहीच, पण वेग बघा, प्रकाशाचा! आणि तोही बिनतारी.

हा प्रसंग शाळेत आपण सगळ्यांनी वाचलेला असतो, पण त्यातली इंजिनियरिंगची बाजू कोणी शिकवत नाही. जाळ राजगडावर दिसला, कारण दोन्ही गडांच्या मध्ये नजर अडवणारं काही नव्हतं. जाळाचा अर्थ दोन्ही टोकांना आधी ठाऊक होता. आणि त्या रात्री त्या डोंगररांगेत दुसरा कोणी जाळ करत नव्हता. समजा तोरण्यावर, रोहिड्यावर आणि पुरंदरावरही कोणी शेकोट्या पेटवून बसलं असतं, तर राजगडावर उभ्या असलेल्या माणसाला काय कळलं असतं? डोंबल.

या तीन गोष्टी लक्षात ठेवा. मोकळी नजर, ठरलेली खूण आणि एका वेळी एकच बोलणारा. पुढच्या साडेतीनशे वर्षांत बिनतारी यंत्रणा कुठल्या कुठे गेली, पण तिची दुखणी याच तीन जागची राहिली. हे सगळं उकरून काढायचं कारण अगदी घरगुती आहे. आमच्या भोरच्या घरासाठी स्वस्तातला पण दमदार राउटर निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं होतं. ("तू कॉम्प्युटरवाला ना?" घरात हे वाक्य एकदा आलं की सुटका नसते.)

घर जुनं. दगडी जोतं, वर हातभर जाडीच्या मातीच्या भिंती, ओसरी, माजघर, मागे स्वयंपाकघर आणि वर माडी. माडीवर आता कौलांऐवजी पत्रा आहे. फायबरची तार येते ओसरीत, कारण तार ओढणाऱ्या पोराला तिथंच सोयीचं वाटलं. वहिनी माडीवर बसून पुण्यातल्या एका ऑफिसचं काम करते, दिवसाला चार-पाच व्हिडिओ कॉल. पुतण्याचे क्लास, पुतणीचा टॅब, आईची मालिका (जी टीव्हीवर नाही तर मोबाईलवरच बघायची असते), दादाचं दुकानाचं बिलिंग, एक कॅमेरा, आणि वाड्यातल्या कोणाकोणाचे फोन. मोजून सोळा उपकरणं भरली. सेवा देणाऱ्यानं फुकट दिलेला डबा त्यात रोज गुदमरायचा. कॉल तुटायचे, आणि वहिनीच्या ऑफिसातून विचारणा व्हायला लागली होती की तुम्ही पुण्यात राहायला येऊ शकाल का. तसं झालं असतं तर दादा-वहिनी मुलांना घेऊन धायरीत नाहीतर कात्रजला भाड्यानं आणि आई एकटी भोरला. म्हणजे प्रश्न तीन हजारांच्या डब्याचा होता आणि नव्हताही.

दुकानात गेलं की खोक्यावरचे आकडे डोळ्यात भरतात. १२००, १५००, ३०००. माझं म्हणणं असं की हे आकडे बघण्याआधी थोडा इतिहास बघावा, कारण खोकं जे लपवतं ते इतिहास सांगून टाकतो.

दुसरा मुक्काम आपल्याच जिल्ह्यात आहे आणि पुणेकरांनाही तो फारसा माहीत नसतो. १९२७ साली मुंबई आणि इंग्लंड यांच्यात मार्कोनी कंपनीच्या पद्धतीची बीम वायरलेस सेवा सुरू झाली. लघुलहरींचा झोत एकाच दिशेला सोडायचा, आणि समुद्राखालच्या केबलपेक्षा स्वस्तात तारा पाठवायच्या, अशी ती कल्पना. इंडियन रेडिओ टेलिग्राफ कंपनी हे काम बघायची. (त्याच वर्षी २३ जुलैला मुंबईचं नभोवाणी केंद्रही सुरू झालं. आणि भोर संस्थानात तेव्हा भाटघरला लॉइड धरणाचं काम संपत आलं होतं, ते १९२८ ला पुरं झालं. म्हणजे इकडे धरण, तिकडे वायरलेस, असा तो काळ.) आता गंमत बघा. या सेवेचं प्रक्षेपण केंद्र खडकीजवळ दिघीला आणि ग्रहण केंद्र थेट दौंडला! दोहोंत साधारण पाऊणशे किलोमीटर. इंग्लंडच्या बाजूलाही तसंच, बोलायचं ग्रिम्सबीजवळून आणि ऐकायचं स्केग्नेसजवळ.

एवढा खटाटोप का? कारण दिघीचा प्रक्षेपक बोलायला लागला की त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या ग्रहण यंत्राच्या कानठळ्या बसणार. सात हजार किलोमीटरवरून येणारी कुजबुज त्याला ऐकू कशी जाईल? बोंब मारणाऱ्याला दुसऱ्याचं ऐकू येत नाही, हे आपल्याला कुठल्याही बैठकीत कळतं. मार्कोनीच्या माणसांनी त्यावर पाऊणशे किलोमीटरचा उतारा काढला.

तुमच्या घरातल्या राउटरला हा उतारा उपलब्ध नाही. त्याचं तोंड आणि कान एकाच डब्यात, आणि बोलणं-ऐकणं एकाच चॅनलवर. म्हणून तो एक तर बोलतो, नाहीतर ऐकतो. दोन्ही एकदम नाही. आणि आता बाजारात हजार-बाराशेला मिळणारा 'रेंज एक्स्टेंडर' आठवा, तो पांढरा, प्लगमध्ये खुपसायचा. साध्या एक्स्टेंडरला एकच रेडिओ कामाला असतो. तो राउटरचं ऐकतो, मग तेच पुन्हा मोबाईलला सांगतो. प्रत्येक निरोप हवेत दोनदा. फोनवर सगळ्या दांड्या भरलेल्या दिसतात आणि वेग निम्मा किंवा त्याहून कमी. घरातल्या गर्दीत तर तो सगळ्यांचाच वेळ खातो. भोरच्या घरासाठी नातेवाइकांनी सुचवलेला पहिला उपाय अर्थातच हाच होता. दिघी-दौंडची गोष्ट माहीत असेल तर तुम्ही त्या वाटेला जाणार नाही.

आता हवेतल्या जागेबद्दल. लहानपणी घरात रेडिओच्या परवान्याचं एक पुस्तक असायचं म्हणतात, पोस्टात जाऊन दरवर्षी त्यावर तिकीट लावून आणायचं. १९३३ च्या इंडियन वायरलेस टेलिग्राफी ॲक्टप्रमाणे बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागत असे, आणि घरगुती रेडिओची ही कटकट १९८० च्या दशकात जाऊन संपली. लहरी सरकारच्या, तुम्ही कूळ. मग आज कुठलाही परवाना न काढता प्रत्येक घरात एक प्रक्षेपण केंद्र कसं काय चालतं?

याचं मूळ १९८५ मधल्या अमेरिकेतल्या एका निर्णयात आहे. तिथल्या दूरसंचार आयोगानं काही पट्टे, ज्यांना कोणी फारसं विचारत नव्हतं असे, ठरावीक अटींवर विनापरवाना संपर्कासाठी खुले केले. त्यांतला एक २.४ गिगाहर्ट्झचा. हाच पट्टा मायक्रोवेव्ह ओव्हनही वापरतो, म्हणजे टाकाऊच समजा. १९९७ मध्ये ८०२.११ हे मानक आलं, १९९९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आणि 'वाय-फाय' हे बाजारू नाव. आपल्याकडे २.४ चा पट्टा जानेवारी २००५ च्या अधिसूचनेनं खऱ्या अर्थानं मोकळा झाला, आणि ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर २०१८ मध्ये.

मला याला गावच्या गायरानाइतकी चांगली उपमा सापडत नाही. गायरान कोणाच्याच मालकीचं नाही, म्हणून फुकट. राउटर दोन-तीन हजारांत मिळतो त्याचं एक मोठं कारण हेच, लहरींचं भाडं कोणी भरत नाही. पण गायरानात सगळ्यांचीच गुरं! पुण्यातल्या एखाद्या सोसायटीत फोन उघडा, वीस-पंचवीस नेटवर्कं दिसतात. २.४ मध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. पंचवीस कळप आणि तीन कुरणं. तिथं २.४ वर व्हिडिओ कॉल करणं म्हणजे लक्ष्मी रोडवर दिवाळीत शेकोटीची खूण करणं. पुण्यात ५ गिगाहर्ट्झला पर्याय नाही.

पण वेल्ह्याकडच्या (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, तोंडात अजून वेल्हेच बसलंय) एखाद्या वाडीत चित्र उलटं आहे. चार घरं, त्यात एखादं नेटवर्क. कुरण रिकामं! तिथं २.४ वर काहीही बिघडत नाही, उलट त्याची लांब लहर भिंतीतून आणि अंगणापार जास्त बरी जाते. इंटरनेटवरचे बहुतेक सल्ले शहरातल्या फ्लॅटवाल्यांनी लिहिलेले असतात, त्यामुळे ते वाचून गोठ्यातल्या कॅमेऱ्यासाठी महागडा राउटर घेऊ नका. भोर या दोघांच्या मधोमध. बाजारपेठेजवळ गर्दी आहे, पण कोथरूडसारखी नाही.

आता मुख्य मुद्दा, गर्दीचं घर. इथं हवाई बेटांवर जावं लागेल. १९७१ मध्ये हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरची टर्मिनलं एका मोठ्या संगणकाला रेडिओनं जोडली. नाव दिलं अलोहानेट. प्रश्न असा की लहर एक आणि बोलणारे अनेक. त्यांनी नियम केला तो भलताच साधा. बोलायचंय? बोला. दोघं एकदम बोलले आणि निरोप एकमेकांत मिसळून खराब झाला, तर दोघांनीही मनाला येईल तेवढं थांबून पुन्हा बोलायचं. आश्चर्य म्हणजे हे चाललं! पण गणित काढलं तेव्हा कळलं की अशा कारभारात वाहिनीचा फार तर १८ टक्के वेळ सत्कारणी लागतो. सगळ्यांनी घड्याळाच्या ठोक्यावरच बोलायला सुरुवात करायची असं ठरवलं तर ३७ टक्के. बाकी सगळी टक्कराटक्करी आणि शांतता.

वाय-फाय त्याच कुळातलं. त्यानं एक शहाणपण वाढवलं, बोलण्याआधी कान देऊन ऐकायचं आणि हवा मोकळी असेल तरच तोंड उघडायचं. तरी मूळ अडचण जात नाही. एका वेळी एकच.

आमच्या वाड्यात पूर्वी सगळ्यांचा मिळून एक आड होता. पोहरा एक, दोर एक. घागरी कितीही मोठ्या आणा, पाणी नंबरानंच मिळणार. आणि एखादी म्हातारी थरथरत्या हातानं ओढायला लागली की मागे सात जणी खोळंबल्या. राउटरचं अगदी असंच होतं. तो ज्या उपकरणाशी बोलतोय ते दूर असेल, मध्ये जाड भिंत असेल, तर तो हळू बोलतो, म्हणजे समोरच्याला नीट कळावं म्हणून. ३०० एमबीपीएसनं जे सांगता येतं तेच ६ एमबीपीएसनं सांगायला पन्नासपट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बाकीचे सगळे गप्प. म्हणजे माडीवरचा एक कोपऱ्यातला जुना फोन ओसरीतल्या नव्या कोऱ्या लॅपटॉपलाही रडवू शकतो. खोक्यावरचा आकडा हा राउटरच्या घागरीचा आकडा आहे. दोराबद्दल खोकं काही बोलत नाही.

शिवाय तो आकडा बेरीज करून काढलेला असतो. १२०० म्हणजे २.४ चे ३०० आणि ५ चे ८६७, दोन्ही जोडून वर गोल केलेले. साधारण फोन दोन्हीकडून एकदम ओढत नाही. आणि चावट भाग असा की असल्या कित्येक स्वस्त राउटरांची मागची वायरची पोर्टं फक्त १०० एमबीपीएसची असतात. २०० चा प्लॅन घेतलाय आणि दारच शंभरचं! खोक्याच्या मागे बारीक अक्षरात 'गिगाबिट' शब्द आहे का ते बघा, नसेल तर खोकं परत फळीवर.

वाय-फाय ६ मध्ये मात्र या दोराचा खरा विचार झालाय. एकाच फेरीत पोहऱ्यातलं पाणी चार जणींच्या लहान कळश्यांत वाटून द्यायची सोय, असं समजा. कॉल, मेसेज, कॅमेरा असल्या लहान लहान निरोपांच्या गर्दीत ती कामाला येते. अट एवढीच की समोरची उपकरणंही त्याच पिढीची हवीत. आमच्या सोळांपैकी सहा होती. तरीही घ्यावा असं मी म्हणेन, कारण फोन दोन-तीन वर्षांनी बदलतात आणि राउटर भिंतीवर सात-आठ वर्षं बसतो. वाय-फाय ७ चं काय, असं काही मंडळी विचारतील. त्याची खरी मजा ६ गिगाहर्ट्झच्या नव्या कुरणात आहे आणि त्या किमतीत आमच्या गरजेची दोन घरं भागतात.

एक आडवाट घेतो. हे वेगवान वाय-फाय आपल्याला मिळालं त्यात खगोलशास्त्रज्ञांचा हात आहे. ऑस्ट्रेलियातल्या सीएसआयआरओ या सरकारी संस्थेतले जॉन ओ'सलिव्हन हे रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ. लहानग्या कृष्णविवरांच्या स्फोटांचे अंधूक संकेत शोधता शोधता त्यांनी जे गणित वापरलं, तेच पुढे त्यांच्या गटानं भिंतींवर आपटून येणाऱ्या प्रतिध्वनींचा गोंधळ निस्तरायला वापरलं. १९९६ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं आणि पुढे त्यावरून मोठमोठ्या कंपन्यांकडून कोट्यवधी डॉलर वसूल झाले. कृष्णविवर काही सापडलं नाही. नारायणगावजवळ खोडदच्या परिसरात ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभ्या आहेत, तिथं गेलात तर हे जरूर आठवा. असो.

स्वस्त राउटर म्हणजे नेमका किती वर्षं स्वस्त, हा शेवटचा प्रश्न. लिंक्सिसचा डब्ल्यूआरटी-५४जी हा निळा-काळा डबा २००२ च्या डिसेंबरात आला. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं की आत चक्क लिनक्स आहे, पण त्याचा सोर्स कोड कंपनीनं दिलेला नाही. लिनक्सच्या परवान्यात तो द्यावाच लागतो. आरडाओरडा झाला, कोड बाहेर आला, आणि त्यातून २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी जन्मलं. साठ-सत्तर डॉलरच्या डब्यात महागड्या यंत्रांची कामं व्हायला लागली. मग २००५ मध्ये कंपनीनं काय करावं? त्याच नावाच्या पाचव्या आवृत्तीत मेमरी १६ एमबीवरून ८ वर आणि फ्लॅश ४ वरून २ वर! बाहेरून डबा सारखाच. (हौशी लोकांसाठी जुन्या गुणांचा 'एल' नावाचा वेगळा डबा काढला, ते श्रेय द्यायला हवं.) ही खोड आजही सगळ्याच कंपन्यांत आहे. म्हणून मॉडेलच्या नावापुढे लिहिलेली आवृत्ती वाचा, तीच आवृत्ती ओपनडब्ल्यूआरटीच्या यादीत आहे का बघा, आणि कंपनीनं त्यावर शेवटचं अपडेट कधी दिलंय ते पाहा. तीन वर्षांत अपडेट थांबलेला दोन हजारांचा राउटर हा महाग राउटर आहे, कारण तो तुमच्या घराचा दरवाजा आहे आणि त्याची कडी गंजलेली आहे.

तर भोरला काय केलं? ओसरीतल्या डब्याचं वाय-फाय बंद केलं, तो फक्त फायबर घेतो. गिगाबिट पोर्टवाला, दोन पट्ट्यांचा, १५०० आकड्याचा वाय-फाय ६ राउटर तीन हजार दोनशेला घेतला आणि माजघराच्या दारावर, उंच, जिथून ओसरी आणि स्वयंपाकघर दोन्ही नजरेत येतात तिथं लावला. राजगडाचा नियम, दुसरं काही नाही. माडीचा प्रश्न हवेतून सुटणारच नव्हता. मध्ये हातभर माती, ती पावसाळ्यात ओल धरते, आणि ओल लहरी पिते. म्हणून वीस मीटर केबल जिन्याच्या कडेनं वर नेली आणि माझ्याकडचा पाच वर्षांपूर्वीचा राउटर तिथं ॲक्सेस पॉइंट म्हणून बसवला. नेटवर्कचं नाव तेच, चॅनल वेगळा. एका आडाचे दोन आड झाले. वहिनीचा लॅपटॉप तर सरळ वायरवर, तिला नंबर लावायची गरजच नाही. टीव्ही आणि दुकानाचं बिलिंगही वायरवर. जे जागचं हलत नाही त्याला हवा कशाला? गर्दीच्या घरात राउटरवर हजार रुपये जास्त घालण्यापेक्षा ते केबलवर घालावेत हे माझं ठाम मत आहे, आणि त्यावर वाद घालायला मी कधीही तयार आहे :-)

राहिला प्रश्न विजेचा. भोर-वेल्ह्याकडे जूनमध्ये पाऊस सुरू झाला की वीज कधी जाईल याचा नेम नाही, आणि फायबर विजेशिवायही जिवंत असतं हे पुष्कळांना माहीत नसतं. मरतो तो घरातला डबा. बारा व्होल्टचा मिनी यूपीएस बाराशे-तेराशेला मिळतो, त्यावर फायबरचा डबा आणि राउटर मिळून तीन तास निघतात. घेताना दोन्ही डब्यांच्या अडॅप्टरवरचे व्होल्ट आणि अँपिअर वाचून घ्या, सगळेच बाराचे नसतात. माडीवरच्या जुन्या राउटरचा नऊचा निघाला. त्याच्यासाठी वेगळा यूपीएस मागवलाय, तो यायच्या आत पाऊस लागला तर वहिनीनं खाली माजघरात बसायचं असं ठरलंय. लॅपटॉपला बॅटरी आहे, आणि आईनं तेवढ्यापुरती मालिका बंद ठेवायचं कबूल केलंय.